हँडहेल्डच्या कोटेशनमधले शब्द: लेबलपासून सर्व्हरपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवंडीत औषधांचे घाऊक गोदाम आहे, आठ हँडहेल्ड स्कॅनर घ्यायचे आहेत आणि तीन कोटेशन हातात आहेत. त्यांत टूडी इमेजर, जीएस१ पार्सिंग, कीबोर्ड वेज, वायफाय ६, ८०२.११ आर, आयपी६५, एमडीएम असे शब्द ओळीने आले आहेत. यातले कोणते खरोखर समजून घ्यायला हवेत, वायफाय ६ नसेल तर अडेल का, आणि एवढा खर्च करण्यापेक्षा साध्या मोबाइलवर काम भागणार नाही का?

आधी माझे मत सांगतो. कोटेशनची बरीचशी पाने यंत्राच्या वर्णनात जातात. चांगल्या कंपनीचे कोणतेही यंत्र घ्या, ते आपले काम बहुधा चोख करते. माल अडतो तो दोन ठिकाणी: यंत्राच्या अलीकडे, म्हणजे लेबलावर, आणि यंत्राच्या पलीकडे, म्हणजे वाचलेली माहिती हवेतून जाऊन तुमच्या सॉफ्टवेअरच्या रकान्यात उतरते तिथे. म्हणून हे शब्द माहितीच्या प्रवासाच्या क्रमाने घेऊ.

बारकोडच्या रेघा कशा मांडायच्या याच्या नियमांना सिम्बॉलॉजी म्हणतात. दुकानातल्या वस्तूवर असतो तो ईएएन-१३. त्याचा अमेरिकी भाऊबंद यूपीसी. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या सुपरमार्केटात च्युइंगगमच्या पाकिटावरचा यूपीसी काउंटरवर पहिल्यांदा वाचला गेला. कार्टनवर जाड चौकटीत दिसतो तो आयटीएफ-१४. ती चौकट शोभेची नाही. स्कॅनरची रेघ तिरकी गेली तर आयटीएफ अर्धवट वाचला जाऊन चुकीचाच आकडा 'बरोबर' म्हणून येऊ शकतो, तो धोका ती जाड पट्टी अडवते. कोड १२८ अक्षरे आणि आकडे दोन्ही दाट बसवतो. कोड ३९ जुना, ऐसपैस, अजून कारखान्यांत आणि ओळखपत्रांवर भेटतो. चौकोनी ठिपक्यांचे दोन महत्त्वाचे: जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांसाठी काढलेला क्यूआर, आणि औषधाच्या छोट्या खोक्यावर बसतो म्हणून जगभर औषधांत रुळलेला डेटामॅट्रिक्स. क्यूआरच्या तीन कोपऱ्यांत चौकोन असतात, तर डेटामॅट्रिक्सच्या दोन कडांना इंग्रजी एलसारखी सलग काळी रेघ असते. एवढ्यावरून नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात.

गोदाममालकांशी बोलताना मला सगळ्यात जास्त वेळ पुढच्या मुद्द्यावर द्यावा लागतो. ईएएन-१३ मध्ये बॅच नसते, एक्स्पायरी नसते, किंमतही नसते. त्यात फक्त एक क्रमांक असतो, ज्याला जीटीआयएन म्हणतात, आणि बाकी सगळे तुमच्या सॉफ्टवेअरमधल्या मास्टरमधून, म्हणजे मालाच्या मूळ यादीतून येते. सुरुवातीचे ८९० म्हणजे कंपनीने क्रमांक जीएस१ इंडियाकडून घेतला आहे एवढेच (जीएस१ ही बारकोडचे क्रमांक आणि नियम ठरवणारी संस्था). माल भारतात बनला याची ती खूण नव्हे. शेवटचा आकडा तपासणीचा असतो. डावीकडून पहिले बारा आकडे एकाआड एक १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडेल तो तेरावा आकडा. ८९०१२३४५६७८९ ची अशी बेरीज बरोबर १३० येते, म्हणून तपासणीचा आकडा शून्य. सप्लायरने हाताने बनवलेल्या लेबलांवर संशय आला की हा हिशेब कागदावर करून पाहावा.

बॅच आणि एक्स्पायरी कोडमध्येच हवी असेल तर जीएस१-१२८ किंवा जीएस१ डेटामॅट्रिक्स लागतो, आणि इथे 'ॲप्लिकेशन आयडेंटिफायर' येतात. माहितीच्या प्रत्येक तुकड्यापुढे त्याची ओळख सांगणारे दोन ते चार आकडे असतात: (०१) नंतर चौदा आकडी जीटीआयएन (तेरा आकडी क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य लावून), (१७) नंतर सहा आकडी एक्स्पायरी, (१०) नंतर बॅच, (२१) नंतर त्या एकाच डब्याचा अनुक्रमांक, आणि (००) नंतर अठरा आकडी एसएससीसी, म्हणजे एका पॅलेटचा किंवा पाठवणीच्या खोक्याचा स्वतंत्र क्रमांक. कंस फक्त माणसाला वाचण्यासाठी छापलेले असतात. कोडच्या आत ते नसतात. त्यामुळे स्कॅनरमधून जे बाहेर पडते ते असे दिसते: ०१०८९०१२३४५६७८९०१७२७०६३०१०एबी१२. पहिले दोन आकडे पाहून सॉफ्टवेअरला कळते की पुढचे चौदा जीटीआयएनचे. मग १७, म्हणून पुढचे सहा तारखेचे, म्हणजे ३० जून २०२७. दिवसाच्या जागी ०० असेल तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. आपल्याकडे औषधांवर महिना आणि वर्षच छापायची रीत आहे, त्यामुळे ०० भेटण्याची शक्यता बरीच. तुमच्या प्रोग्रामरने ते आधीच हाताळलेले हवे.

खरी मेख बॅचमध्ये आहे. जीटीआयएन आणि तारीख ठरावीक लांबीची, बॅच मात्र एक ते वीस अक्षरांपर्यंत कितीही लांब. ती शेवटी असेल तर प्रश्न नाही. पण तिच्यापुढे (२१) आला, तर बॅच कुठे संपली हे सांगायला मध्ये एक विभाजक लागतो. कोडमध्ये तो एफएनसी१ या खास चिन्हाने दाखवलेला असतो आणि स्कॅनर तो 'ग्रुप सेपरेटर' म्हणून पुढे पाठवतो. हे अक्षर पडद्यावर दिसत नाही. बऱ्याच जुळणीत ते वाटेतच गळते, कारण कीबोर्डवर त्याची स्वतंत्र कळ नाही. मग बॅच एबी१२ आणि अनुक्रमांक ५५ असेल तर सॉफ्टवेअरला एबी१२२१५५ अशी एकच सलग बॅच दिसते. स्कॅनर बीप करतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. आणि सहा महिन्यांनी एखादी बॅच परत मागवण्याचा आदेश आला की ती बॅच तुमच्या साठ्यात सापडतच नाही. कोटेशनमधल्या 'जीएस१ पार्सिंग'चा अर्थ एवढाच विचारा: विभाजक टिकतो का, आणि तुकडे यंत्रातच वेगळे होतात की सॉफ्टवेअरमध्ये? यंत्रात होत असतील तर उत्तम.

याला जोडून दुसरी गोष्ट. १ ऑगस्ट २०२३ पासून औषध नियमावलीच्या शेड्यूल एच२ मधल्या ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा झाला. त्यात उत्पादनाचा ओळख क्रमांक, औषधाचे मूळ नाव, ब्रँड, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, निर्मितीची तारीख, एक्स्पायरी आणि परवाना क्रमांक एवढी माहिती हवी. पण ती सगळीकडे एकाच साच्यात येईल असे धरून चालू नका. तुमच्या शेल्फवरची वेगवेगळ्या कंपन्यांची वीस खोकी घ्या, स्कॅन करा, जे बाहेर पडते ते जसेच्या तसे एका फायलीत उतरवा आणि ती फाइल तिन्ही विक्रेत्यांना द्या. कोणाला काम कळते ते त्यांच्या उत्तरांवरून समजेल.

आता छपाई. स्वतःची लेबले तुम्ही गोदामात छापणारच, निदान रॅकची आणि फुटकळ खोक्यांची. इथे एक्स-डायमेन्शन हा एकच शब्द नीट समजला तरी बरेच वाचेल. तो म्हणजे सर्वांत बारीक रेघेची जाडी. ती मिलमध्ये सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ईएएन-१३ साठी प्रमाण जाडी ०.३३ मिलिमीटर, म्हणजे १३ मिल, आणि ती ८० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान कमीजास्त करता येते. आता २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणारा थर्मल प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये आठ ठिपके उमटवतो, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. अर्धा ठिपका छापता येत नाही. ०.३३ साठी अडीचहून थोडे जास्त ठिपके लागतात, म्हणून डिझाइन सॉफ्टवेअर काही रेघा दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या करून टाकते. डोळ्याला बारकोड छान दिसतो, पण रेघांचे प्रमाण बिघडलेले असते. दोन ठिपके घेतले तर ०.२५ होते, ते ८० टक्क्यांच्याही खाली. म्हणून २०३ वर तीन ठिपके, ०.३७५ मिलिमीटर, घ्यावेत, किंवा ३०० डीपीआयचा प्रिंटर घेऊन चार ठिपके, म्हणजे जवळपास ०.३४. वर्ड किंवा एक्सेलमध्ये बारकोडचे चित्र कोपरा धरून ओढून लहान करणे हा सगळ्यात सर्रास चालणारा घात आहे. तो आजच बंद करा.

क्वाएट झोन म्हणजे कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागा. ईएएन-१३ ला डावीकडे बारीक रेघेच्या अकरा पट आणि उजवीकडे सात पट लागते, कोड १२८ ला दोन्हीकडे दहा पट. औषधाच्या खोक्यावर जागेची मारामार असते आणि डिझाइन करणारा नेमकी हीच जागा मजकुराने भरतो. रंगाचेही पाहा. लेसर आणि बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्यामुळे पांढऱ्यावर छापलेल्या लाल रेघा त्यांना दिसतच नाहीत.

प्रिंटहेडमधला एखादा बिंदू जळाला की लेबलावर कागदाच्या चालीच्या दिशेने एक पांढरी रेघ येते. बारकोडच्या रेघा त्याच दिशेने उभ्या असतील तर ती पांढरी रेघ एखादी काळी रेघ पूर्ण खाऊन टाकते आणि कोड वाचला जात नाही. कोड आडवा, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखा छापला, तर सगळ्या रेघांना एक चीर पडते आणि बाकी उंचीवर कोड वाचता येतो. रॅकच्या लेबलांसाठी मी नेहमी शिडीची मांडणी सुचवतो. रॅकवर रिबनवाले, म्हणजे थर्मल ट्रान्सफरचे लेबल लावा. रिबनशिवायचे डायरेक्ट थर्मल पाठवणीच्या खोक्यावर ठीक, पण पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढताना ते काळवंडते.

स्कॅनरच्या डोक्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. लेसर फक्त रेघांचे कोड वाचतो. इमेजर चित्र टिपतो आणि रेघा, चौकोन दोन्ही वाचतो. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरचा डिजिटल सहीचा क्यूआर फार दाट असतो, त्यामुळे २०२० च्या दशकात औषधांच्या गोदामाने फक्त लेसर घेऊ नये. बाकी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, वाचनाचे अंतर: खालून उभे राहून चौथ्या कप्प्यावरचे लेबल वाचायचे असेल तर लांब पल्ल्याचे इंजिन, म्हणजे स्कॅनरचा वाचणारा भाग, लागते, आणि तेच इंजिन हातातल्या छोट्या खोक्याशी कधीकधी अडते. दोन, पिकलिस्ट मोड: एकमेकांना खेटून पाच लेबले असताना मधल्या ठिपक्याखालचेच लेबल वाचले जाते. हा मोड बहुतेक इमेजरमध्ये असतो, पण चालू करून दिलेला नसतो.

कीबोर्ड वेज म्हणजे स्कॅनरने स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेणे. वाचलेले प्रत्येक अक्षर जणू कोणी टंकले असे रकान्यात उतरते आणि शेवटी एंटर किंवा टॅब बसतो. त्याला सफिक्स म्हणतात. सोपे आहे, स्वस्त आहे, कोणत्याही सॉफ्टवेअरवर चालते. पण स्कॅनर अक्षर पाठवत नाही, कळ पाठवतो. संगणकावर त्या क्षणी मराठी कीबोर्ड चालू असेल तर बॅचमधली इंग्रजी अक्षरे देवनागरीत उतरतात. बिलिंगच्या संगणकावर कोणी मराठीत पत्र टंकून गेले की हे होते, आणि दोष स्कॅनरला दिला जातो. रकान्यावरचा कर्सर हलला तर स्कॅन भलत्या ठिकाणी पडते, तेही वेगळे. एक्सेलमध्ये स्कॅन करत असाल तर रकाना आधी टेक्स्ट करा. एक्सेल आकड्याची पंधरा स्थानेच जपते, त्यामुळे अठरा आकडी एसएससीसीचे शेवटचे तीन आकडे शून्य होऊन जातात आणि सुरुवातीची शून्येही उडतात. अँड्रॉइड हँडहेल्डवर वेजऐवजी 'इंटेंट' नावाची वाट असते, जिच्यात स्कॅनची माहिती थेट ॲपच्या हातात दिली जाते आणि सोबत कोडचा प्रकारही कळतो. तुमचे सॉफ्टवेअर ही वाट वापरत असेल तर विभाजक गळण्याची भीती संपते. तीन कोटेशनांत हा एकच फरक असला तरी त्यासाठी मी जास्त पैसे द्यायला सांगेन.

आता वायफाय. एका स्कॅनमध्ये काहीशे बाइट जातात. त्यामुळे जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांचा तुमच्याशी संबंध नाही, आणि आठ यंत्रांसाठी वायफाय ६, म्हणजे वायफायची नवी, वेगवान पिढी, नसल्याने काहीही अडणार नाही. नवे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी छपरावरची किंवा भिंतीवरची यंत्रे, घेणारच असाल तर ते आपोआप येईल, तेवढे पुरे. तुम्हाला हवी आहे ती चालता चालता न तुटणारी जोडणी, आणि तिचे शब्द वेगळे आहेत.

पहिला आरएसएसआय, यंत्राला ऐकू येणाऱ्या सिग्नलची ताकद. ती डीबीएममध्ये, ऋण आकड्यांत मोजतात; शून्याच्या जवळ तितकी चांगली, आणि तीन डीबी घटले की ताकद निम्मी. गोदामात कुठेही उणे ६७ पेक्षा खाली जाऊ नये असे मी धरतो. उणे ८० ला जोडणी असूनही नसल्यासारखी. हे मोजण्याच्या कामाला साइट सर्व्हे म्हणतात. तो रिकाम्या गोदामात केला तर फुकट गेला. सिरप आणि सलाइनच्या बाटल्यांतले पाणी सिग्नल शोषते, लोखंडी रॅक तो परतवतात. माल भरलेला असताना, हातात तेच हँडहेल्ड धरून, शेवटच्या गल्लीत मोजा.

दुसरा शब्द रोमिंग, म्हणजे एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाणे. हा निर्णय यंत्र घेते, ॲक्सेस पॉइंट नव्हे. काही यंत्रे जुन्या पॉइंटला इतकी चिकटून राहतात की शेजारी दुसरा दणदणीत पॉइंट असूनही ती हलत नाहीत. यावर उपाय म्हणून पॉइंटची ताकद वाढवायची सूचना कोणी केली तर मान्य करू नका. पॉइंट मोठ्याने बोलला तरी हँडहेल्डचा आवाज लहानच राहतो. यंत्रावर पूर्ण दांड्या दिसतात आणि उत्तर मात्र येत नाही. ताकद कमी ठेवून पॉइंट जास्त लावणे हाच मार्ग. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या गाळ्यांचे राउटर त्यांच्यावरच असतात. हँडहेल्ड शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

८०२.११ आर, के आणि व्ही हे रोमिंग सोपे करणारे तीन नियम. के यंत्राला शेजारचे पॉइंट सांगतो, व्ही हलण्याची सूचना देतो, आर ओळख पटवण्याचा वेळ वाचवतो. प्रत्येक कामगाराला स्वतंत्र लॉगिन देणारी ८०२.१एक्स पद्धत वापरत असाल तर आर महत्त्वाचा. एकच पासवर्ड सर्वांना असेल तर त्याचा फायदा थोडा.

या सगळ्यापेक्षा जास्त त्रास मी एका साध्या कारणाने झालेला पाहिला आहे. चार कोपऱ्यांत चार घरगुती राउटर लावलेले असतात आणि प्रत्येक राउटर स्वतः आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कात यंत्राची ओळख ठरवणारे क्रमांक, वाटतो. कामगार दुसऱ्या राउटरच्या हद्दीत शिरला की यंत्राचा पत्ता बदलतो, सर्व्हरशी चालू असलेले सेशन तुटते आणि अर्धी पिकलिस्ट, म्हणजे उचलायच्या मालाची यादी, पुन्हा करावी लागते. पत्ते वाटणारा एकच असावा, नाव एकच असावे, सगळे पॉइंट एका नेटवर्कात असावेत. आठ नवी यंत्रे घेण्याआधी हे करून घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला 'ऑफलाइन' बद्दलही विचारा: नेट गेले तर स्कॅन यंत्रात साठतात का, आणि परत आल्यावर तेच स्कॅन दोनदा चढत नाहीत याची खात्री कशी होते?

बाकीचे शब्द पटकन. आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याने बिघडत नाही. गोदामाला पुरेसे आहे. पडण्याची चाचणी काँक्रीटवर दीड मीटरवरून आहे का ते पाहा. एमडीएम म्हणजे सगळ्या यंत्रांवर एका जागेवरून ताबा: ॲप घालणे, वायफायचा पासवर्ड बदलणे, आणि कियोस्क मोडने कामाचे ॲप सोडून बाकी सगळे बंद ठेवणे. आठ यंत्रांनाही तो हवाच. स्वस्तातली जुनी यंत्रे कोणी देऊ केली आणि त्यांवर विंडोज मोबाइल ६.५ च्या पिढीतली प्रणाली असेल तर घेऊ नका. विंडोज एम्बेडेड हँडहेल्ड ६.५ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आहे. पुढेमागे आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायच्या टॅगचा, विचार आला तर रीडर भारतातल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्याचाच घ्या. बाहेरून मागवलेला अमेरिकी ९०२ ते ९२८ चा रीडर इथे वापरता येत नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. डिलिव्हरीच्या माणसाला दिवसभरात चाळीस-पन्नास वेळा स्कॅन करायचे असते, त्याला साधा अँड्रॉइड फोन आणि चांगले ॲप पुरते. गोदामात पिकिंग करणाऱ्याचे, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल उचलणाऱ्याचे, आकडे शेकड्यांत जातात, आणि तिथे प्रत्येक वेळी कॅमेऱ्याने फोकस घेण्याची वाट पाहणे, अंधाऱ्या गल्लीत टॉर्च लावणे, शेजारचाच कोड वाचला जाणे हे सगळे साचत जाते. दुपारी तीनला फोनची बॅटरी संपते. हँडहेल्डची बॅटरी काढून दुसरी घालता येते. मधला मार्गही आहे: फोन आणि बोटात घालायचा ब्लूटूथ रिंग स्कॅनर. मात्र तो कीबोर्ड बनून जोडला जातो, म्हणून वेजबद्दल वर लिहिलेले सगळे त्यालाही लागू. माझा सल्ला असा: पिकिंग आणि माल उतरवणाऱ्यांसाठी पाच हँडहेल्ड आणि प्रत्येकाला एक जादा बॅटरी घ्या, डिलिव्हरीच्या तिघांना फोन द्या, आणि वाचलेल्या पैशांतून आधी ॲक्सेस पॉइंट आणि ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्या.